साऱ्या गावाची पाठराखीण

ये वं, जवळ ये. कागदावर लिहून राह्यली म्हणून दुरून वाचू नोको, मांडीला मांडी लावून बसल्यासारखी बस. आणि आधी तो कान पुढं कर, पिरगाळायचा आहे. दिवाळीले येतो म्हणाली, संक्रांतीले येतो म्हणाली, होळीही जळून गेली. फोनवर नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस अन् मागून मिक्सर फिरवतेस. मले काय ऐकू येत नाई? परवा तूच विचारलं, ‘ती बूटवाली म्हातारी गेली म्हणे?’ मी सांगायले तोंड उघडलं, तर तुझ्या कुकरनं शिट्टी दिली अन् तू फोन ठेवला. म्हणून आता लिहूनच पाठवते. कागदाले कुकर आडवा येत नाई.

एक मात्र सांगून ठेवते. लिहायला बसलं की माझी भाषा जरा शहाण्यासारखी वागते, पाहुण्यांपुढे पदर सावरल्यासारखी. मध्येच पदर घसरेल, तेवढं चालवून घेजो. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सारं वाचन भाजी गुंडाळायच्या रद्दीवर झालं.

तर बुढी. नाव तिचं होतं, पण कोणी घेत नव्हतं. गावात बुढी म्हणायचे, जामच्या चौकात बूटवाली म्हणायचे. तू लहान होतीस तेव्हा तिला चौकातच पाहिलं असशील. एक रस्ता नागपूरला, एक हैदराबादला, एक चंद्रपूरला, आपला एक वर्ध्याला. चारी दिशांच्या गाड्या जिथं दम खातात, नेमकी तिथं बुढी गोणपाट पसरून बसायची. वांगी, संभार म्हणजे तुमची कोथिंबीर, दिवस असले की मेथी. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण आणि पायात बूट. साधेसुधे नाही, पुरुषी, जाड, घोट्याच्या वर जाणारे. नवरा पुलगावच्या लष्करी डेपोत हमालीला होता, त्याचे. तो गेला, बूट राहिले. कोणी हसलं तर म्हणायची, “बूट अजून चालते. माणूस चालला नाई, त्याच्यात बुटाचा काय दोष?”

भाजी विकायची, पण तिचं लक्ष भाजीवर नसायचं. लक्ष गाड्यांवर. कोणत्या गाडीतून कोण उतरलं, कोण चढलं, लेकरू कोणाच्या हाताला आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, “बुढे, वांगं किडकं आहे ना.” बुढी म्हणायची, “मग दुसरं घे, माये. मले वांग्यापेक्षा ते निळी बॅगवालं पाहू दे.”

कानाची तिची गोष्ट तर न्यारीच. कानानं कमी आहे, असं साऱ्या गावाला माहीत होतं. सरपंचाबाईंचा नवरा रागावला, बस कंडक्टर रागावला, तिचा पोरगा रागावला, की बुढीचे कान गेले. “काय म्हणता? जोरात बोला, बुढी बहिरी आहे.” तीन वेळा तेच ओरडून माणूस थकायचा आणि निघून जायचा. पण एखादी पोरगी आंगणवाडीच्या मागं हळूच रडली, तर ते बुढीला चौकात बसून ऐकू यायचं. डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणेल असा रोगच नाही. आमच्या बुढीला होता.

लहानमोठं कोणी तिला कळत नव्हतं. साहेब असो, फौजदार असो, खुर्चीवाल्या साऱ्यांना ‘तू’. एकदा तालुक्याचे मोठे साहेब गाडीतून उतरले, तर म्हणाली, “ये बाप्पा, बस. तुले पाणी देऊ का?” साहेब बसले बिचारे गोणपाटावर. मग तिनं त्यांना तासभर ऐकवलं, की पाचवीनंतर शाळेतून गळालेल्या पोरी कुठं जाऊन राहिल्या ते तुझ्या हापिसात कोणी विचारते का. साहेब उठले तेव्हा त्यांच्या हातात वांगी होती आणि तोंडावर घाम.

तिला पाठराखीण म्हणायचे ते मात्र सुरुवातीला टिंगल म्हणून. तुमच्या शहरात पाठराखीण राहिली नसेल. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते, तेव्हा तिच्या माहेरची एक वयस्क बाई सोबत जाते, चार दिवस राहते, तिला नवं घर परकं वाटू देत नाही. ती पाठराखीण. हल्ली लग्न एका दिवसात आटोपते, नवरीसोबत जायला कोणाला सवड आहे? बुढीला होती. गावातली कोणाचीही पोरगी लांब दिली, की ही पिशवीत दोन लुगडी कोंबून, बूट घालून गाडीत जाऊन बसायची. कोणी बोलावलेलं नसायचं. पण पाठराखणीला गाडीतून उतरवत नाहीत. अपशकुन समजतात.

सासरच्या घरी ती चार दिवस खाऊन-पिऊन राहायची आणि कानाकोपरा पाहायची. पाणी कोण भरते, सासू पहिला घास कोणाला देते, जावई संध्याकाळी घरी किती वाजता येतो. यवतमाळकडच्या एका घरून निघताना विहिणीला तोंडावर म्हणाली होती, “भाकरी जाड करता तुम्ही. पण मनानं पातळ नाई. पोरगी ठेवून जातो.” ती विहीण पुढं दर दिवाळीला बुढीला फराळ पाठवायची, हसू नोको.

पण तिची एक अट होती. “अठरा पुरे झाल्याशिवाय नवरी नाई. अन् नवरीच नाई तर पाठराखीण कायची? मंग मी पोलिसाले घेऊन येतो.” आणि यायची. दोन लग्नं तिनं अशी मोडली, तेव्हा गावानं तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं होतं. ती काय करते? उरलेली वांगी ज्यांनी बंद केलं त्यांच्याच दारात ठेवून यायची. “खा अन् शिव्या द्या. उपाशीपोटी शिव्या देऊ नोका, पित्त होते.”

ती चुकली नाही असं नाही. एकदा चौकात एक माणूस सात-आठ वर्षांची पोरगी घेऊन चंद्रपूरच्या गाडीत चढत होता. पोरगी रडत होती. बुढीनं धावत जाऊन त्याची बॅगच धरली. पोरीला विचारलं, “हा कोण वं?” “मामा.” “मामाचं नाव काय?” पोरगी म्हणाली, “मोठा मामा.” “अवं नाव, नाव!” “मोठाच मामा!” झालं. बुढीनं अशी बोंब ठोकली की भजेवाला, पंक्चरवाला, सारे धावून आले, ड्रायव्हरनं गाडी बंद केली. आणि तो तर बिचारा सख्खा मामा! उन्हाळ्याच्या सुट्टीला भाचीला घेऊन चालला होता. आपल्याकडे मोठा मामा, बारका मामा, मोठी आई, कोणाला नावानं हाक मारतो आपण? लेकराला नाव कसं माहीत राहील?

पोरीच्या आईशी फोनवर बोलणं झालं तेव्हा उलगडा झाला. मामा लाल झाला होता. “सारी इज्जत घालवली तुम्ही माझी! चोर समजल्या मले!” बुढीनं त्याला हात धरून आमच्या घरी आणलं. मला म्हणाली, “शेवया कर, तूप जास्त घाल.” त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, टॉवेल-टोपी दिली, पाया पडली. पण माफीत काय म्हणाली ते ऐक. “बाप्पू, चुकलं माझं. तुमचा अपमान झाला. पण उद्याही करीन. तुमच्यासारखे मामे रागावले तरी चालते. खरा मामा रागावतेच. जो रागावत नाई, गोडच बोलते, त्याच्यावर माही नजर आहे.”

त्या दिवसापासून तिनं आंगणवाडीत जाऊन लेकरांना नावं पाठ करून घेतली. आईचं नाव, आईच्या गावाचं नाव, साऱ्या मामांची नावं. बाराखडीच्या आधी मामे. आंगणवाडीची बाई कपाळावर हात मारायची, पण शिकवायची.

तिनं हे सारं का धरलं होतं, ते मला एकदाच सांगितलं. वांगी निवडत होतो आम्ही, दुपारची. म्हणाली, तिच्या भावाची पोरगी होती, बाराची. ओळखीच्या एका बाईनं शहरात बंगल्यावर कामाला नेली. खायला-प्यायला मिळेल, शिकवतील, म्हणून. पहिले दोन-चार महिने फोन आला, मग नंबरच लागेना. भाऊ जाऊन आला, पत्त्यावर बंगलाच नव्हता. अजून पत्ता नाही. बुढी म्हणाली, “गाडीत बसवून दिली माय आमी. हात हलवले. आपली एक बाई संग गेली असती तं?” मग वांगं उलटून पाहिलं आणि म्हणाली, “हे किडकं आहे,” आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

आता पायलची गोष्ट. ती तुला ठाऊक नाही, आणि तीच सांगायची आहे.

सुनंदा माहीत आहे ना, आपल्या मळ्यात निंदायला, तण उपटायला येते ती? नवरा मेलेला, पदरात ही एक पोरगी, पायल. नववीत होती, पंधराची. पोळ्यापासून सुनंदाकडे एक बाहेरगावची बाई यायला लागली. गळ्यात मोठं मंगळसूत्र, हातात मिठाईचा डबा. दोन भेटींत ती सुनंदाची मानलेली बहीण झाली, तिसऱ्या भेटीत पायलला स्थळ आणलं. मुलगा तिकडं दूर, ज्या मुलखात आपली भाषा कोणाला कळत नाही. हुंडा नको, खर्च सारा त्यांचा, वर सुनंदाला घर दुरुस्तीला मदत. वयाचं काय? “कागदावर होऊन जाते,” म्हणाली.

आपल्याकडे पोरगी देण्याआधी चार माणसं जाऊन घर पाहून येतात. ही म्हणाली, एवढ्या लांब कशाला, आणि मोबाईलमध्ये घर दाखवलं. दोन मजली, फरशी बिरशी. बुढीनं तो मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा केला. “घर मोबाईलमंदी पाहता? मंग लग्नही मोबाईलमंदीच लावा. पोरगी इथंच राहू द्या.”

बाई हसली. रागावली नाही. बुढीनं माझ्याकडे पाहिलं.

साऱ्यात जास्त रागावलं कोण, सांगू? पायल. “तुमच्या पोटात दुखून राह्यलं बुढे! माही माय उन्हात मरून राह्यली, ते नाई दिसत तुमाले?” खरंच बोलत होती लेकरू. तिला वाटायचं, मी गेले तर आईचं उन्ह कमी होईल. आणि सरपंचाबाईंचे यजमान म्हणाले, “गरिबाच्या पोरीचं भलं होऊन राह्यलं, अन् तुमी काऊन आडव्या येता?” बुढीचे कान त्या दिवशीही गेले.

साक्षगंधाचा दिवस ठरला. तू साखरपुडा म्हणतेस, तो. सकाळी बुढी माझ्या दारात. म्हणाली, “आज मी पाठराखीण म्हणून जातो. तूही चाल. आंगणवाडीवालीनं पोलिसाले अन् लेकरांच्या हापिसाले फोन केला आहे, ते येऊन राह्यले. तेवढ्या वेळ याहीले बसवून ठेवाचं.”

मी म्हटलं, “पोलीस आधीच येऊन बसले असते तर?”

“मंग गाडी गावात शिरलीच नसती. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या पोरीच्या दारात उभी राह्यली असती. गाडी इथंच पाह्यजे मले. माणसासकट.”

दुपार होती. सुनंदाच्या अंगणात कापडी मांडव, मांडवात ती गोड बाई, नवरदेव म्हणून आणलेला एक माणूस, त्याचा काका म्हणून दुसरा. बाहेर पांढरी गाडी, तोंड रस्त्याकडे करून लावलेली. बेत असा कानावर आला, की साक्षगंध झालं की देवळात जाऊन माळा घालू आणि तिकडूनच निघू. म्हणजे आजच. बुढी बूट वाजवत आली, पायलच्या शेजारी पाटाला पाट लावून बसली, पिशवी मांडीवर.

“मी पाठराखीण. पोरीसंग येतो.”

बाई म्हणाली, “आजी, लांब आहे हो. गाडीत जागा नाही.”

“जागा नाई? मंग दुसरी गाडी बोलवा. दोन मजली घर आहे म्हणता, दोन गाड्या नाई?”

तेवढ्यात मी पायलच्या दुसऱ्या बाजूला बसले. मग बचत गटाच्या बाया एकेक करत आल्या, प्रत्येकीच्या हातात पिशवी. “लांब आहे ना, मंग आमीही येतो. पोरीले करमणार नाई एकटीले.” मांडव भरला. सरपंचाबाईंचे यजमान उठून उभे राहिले, पण बोलणार काय? पाठराखणीला ऊठ कोण म्हणेल? रीत त्यांचीच होती. घरात त्यांच्याही लेकी होत्या.

मग बुढीनं आपली हिंदी काढली. ती हिंदी ऐकून माणूस मराठी विसरतो. नवरदेवाला म्हणाली, “जावईबापू, तुमारे घर में पानी किदर से आता?”

ती बाई काही सांगायच्या आत तो बोलून गेला, “नल से.”

त्याच वेळी काका म्हणाला, “कुएँ से.”

“एक पे आ जाव बाप्पा. लगन तक एक पे आ जाव.”

बाया हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “नळ इहिरीत सोडला असन!” पुन्हा हसू. बुढी थांबते थोडीच? “तुमारे माँ का नाम क्या?” नवरदेवानं बाईकडे पाहिलं. “उसके मुँ पे नई लिखा. तुमारे माँ का नाम.” नवरदेवाला आईचं नाव येईना, त्या घरात आपली पोरगी चालली होती. मी पायलकडे पाहिलं. तिचा चेहरा तेव्हा बदलला, वं. तोवर ती बुढीपासून सरकून बसत होती. आता सरकली नाही.

आणि ती गोड बाई पहिल्यांदा रागावली. ताडकन उठली, “चला, या लोकांना लग्न करायचंच नाही,” म्हणत पायलच्या दंडाला धरून ओढलं. साऱ्या मांडवादेखत. सुनंदा, जी तोवर मान खाली घालून होती, तिनं त्या बाईचा हात आपल्या हातानं उपसून काढला. निंदणाऱ्या बाईचा हात आहे तो, मुळासकट उपटते. काका गाडीकडे पळाला, तर गाडीपुढं आपल्या गावच्या सासवा-सुना बसलेल्या, मधोमध, भाजी निवडत. हॉर्न वाजवून वाजवून थकला. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो हॉर्नच वाजवत होता.

मागून कळलं, त्या बाईनं दुसऱ्या जिल्ह्यातल्याही पोरी अशाच नेल्या होत्या. त्यांतल्या काही सापडल्या, काही नाही. नवरदेव कोणाचाच नवरदेव नव्हता.

गाव सुधारलं असं समजू नोको. मोडलेल्या साक्षगंधाची पोरगी म्हणून पायलला नळावर टोमणे मिळायचे. आणि तिचा सारा राग निघायचा बुढीवर. दारातून जाताना दिसली की शिव्या. मी एकदा म्हटलं, बुढे, तुला वाईट नाही वाटत? तर वांग्यावर पाणी शिंपडत म्हणाली, “शिव्या देते ना? म्हणजे इथंच आहे. तिकडून शिव्या ऐकू आल्या असत्या का आपल्याले?”

वर्षभरानं शिव्या बंद झाल्या. मग एक दिवस पायल गोणपाटावर तिच्या शेजारी बसून अभ्यास करताना दिसली. काय बोलणं झालं असेल दोघींत, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

ती माणसं जामिनावर सुटली, केस चालू राहिली. तारीख, पुन्हा तारीख. बुढी प्रत्येक तारखेला वर्ध्याला जायची, सोबत आम्हाला न्यायची. कोर्टाच्या व्हरांड्यात पाय पसरून वालाच्या शेंगा सोलत बसायचो. शिपाई म्हणाला, “हा काय भाजीबाजार आहे का?” बुढी म्हणाली, “नाई बाप्पा, न्यायाचं घर आहे, म्हणून तं बसलो. बाजारात कोण बसू देते?” ती बाई, तिचा वकील, सारे आमच्यासमोरून जायचे. आम्ही काही बोलत नव्हतो. नुसतं पाहत होतो.

या हिवाळ्यात बुढीला ताप आला आणि ती गेली. मोठी कथा नाही त्यात. दवाखान्यातल्या नर्सलाही ‘तू’ म्हणत गेली. तेरवी झाली आणि आठवडा झाला नसेल, एक माणूस सुनंदाच्या दारात आला. त्या बाईकडचा. गोड बोलला. “म्हातारी गेली बिचारी. आता कोण तुमच्यासोबत येणार? पोरीचं पुढं लग्न करायचं आहे ना? साक्ष देऊ नोका, आपसात मिटवून टाका.”

सुनंदा काही बोलायच्या आत पायल बाहेर आली. नर्सिंगला जाते आता, अठरा पुरे झाले तिला. म्हणाली, “तुमच्या आईचं नाव सांगा. आईले विचारतो, मंग मिटवतो.” तो गेला तो वळून पाहिलं नाही त्यानं.

पण संध्याकाळी पायल माझ्याकडे आली. म्हणाली, “मावशी, आतमंदी साक्ष तं मी एकटीच देईन. पण बाहेर कोणी असन ना?” मी म्हटलं, “असन.” म्हणायला म्हटलं, आणि मग मनात मोजायला लागले. सुनंदा आहे, आंगणवाडीवाली आहे, मी आहे. दोघी-तिघींच्या घरून मनाई आली, एक बाळंतपणाला गेली. त्या गोड बाईच्या माणसांना वाटते एक बुढी गेली म्हणजे व्हरांडा ओस पडला. तसा दिसला नाही पाहिजे.

तर पोरी, तारीख लागली आहे, फोनवर सांगतो. तू कोर्टात काही बोलाचं नाई, वकिलाचं काम नाई, नुसतं बाहेर बसाचं अन् ते लोक समोरून गेले की नजर खाली घालाची नाई. एवढं तुले येते. आदल्या दिवशी येजो, एकटी येऊ नोको, सासूले आणजो, शेजारणीलेही विचारजो. अंथरुणं आहेत माझ्याकडे, कमी पडले तर गावातून मागून आणीन. दिवाळी, संक्रांत सोडली तुले. ही तारीख सोडत नाई.

लवकर येजो वं. वाट पाहतो.